राळ्याची वाट

शौर्या, तो मोबाईल आधी खिशात घाल. त्याच्या उजेडात तुझं तोंड माकडासारखं दिसतंय. आणि सार्थक, तू दात काढू नको, तुझं काही निराळं नाही. भुताची गोष्ट पाहिजे ना? मग गप ऐका. पांढऱ्या साडीतली, उलट्या पायांची बाई यात नाही. तसली टीव्हीत बघा, जाहिरातीसकट. यात आपल्या आणे गावचा हौशीराम आहे. रोज ज्याच्या ओट्यापुढनं शाळेला जाता, तोच. त्यानं हे एकदाच सांगितलं, बांधावर बसून, आणि परत कधी विषय काढू दिला नाही.

साल नव्याण्णव. जानेवारीची बारा तारीख, भोगीचा आदला दिवस. पौषातली वद्य दशमी, म्हणजे चांदणं पार पहाटेकडं उगवायचं.

भोगीला राळ्याचा भात करतात, एवढं तरी तुमच्या आयांनी सांगितलं असेल. आता राळे पेरतो कोण? बारीक पिवळं धान्य, मोहरीएवढं, ना त्याला बाजार ना भाव. पण हौशीराम माळाच्या तुकड्यात दोन काकऱ्या टाकायचा. त्याची लेक भागू, एकुलती एक, तिला तो भात आवडायचा. भागू ओझरच्या पलीकडं कुकडीकाठच्या एका मळ्यात दिलेली. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून जिवंत आहेत. दुर्दैवानं.

त्या दिवशी सकाळी गावातल्या दुकानात त्याला फोन आला. जावई बोलत होता, जानकू.

"मामा, भागूला जरा बरं न्हाई. तुमी या. आन् येताना राळे आणा."

"लई हाय का रं?"

"या तुमी."

फोन ठेवला.

भागू बाळंत होऊन आठवडा झाला होता. मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. कार्तिकात हौशीराम लेकीला आणायला गेलाही होता. तिची सासू सारजाबाई म्हणाली, "कांद्याची लागण तोंडावर आलीय पावणं. आन् आमच्या हितं काय सुइणी न्हाईत व्हय?" भागू दारात उभी होती. पोट हे एवढं. याच्या तोंडाकडं बघत राहिली. हौशीरामानं विचार केला, लेकीच्या दारात भांडण नको. चहा प्याला आणि परत आला. भागू नववा महिना भरेपर्यंत वाफ्यात वाकून कांद्याचं रोप लावत होती.

तर, फोन आल्यावर त्याच्या बायकोनं, धोंडाबाईनं, कापडी पिशवी काढली आणि गळ्यापर्यंत राळे भरले. लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून तोंड बांधलं.

"पेज करून घालतील पोरीला," ती म्हणाली. "हलके असत्यात राळे. पर निवडले न्हाईत बघा, खडं हायेत. भागूला म्हणावं, बसल्या बसल्या निवड. तिच्यावानी कोणाला जमतंय?"

"बरं."

"आन् मी संक्रांत झाली की येते म्हणावं. नातीला बघायला."

"बरं म्हणलं ना!" हौशीराम खेकसला आणि यष्टी धरली. आळेफाटा, नारायणगाव, तिथनं ओझरची गाडी. मांडीवर राळ्याची पिशवी. शेजारच्या माणसानं विचारलं, काय नेता? तर हा म्हणतो, "लेकीला खाऊ."

मळ्याच्या वळणावरनंच दिसलं. अंगणात माणसं बसलेली. दोघंजण बांबूला सुतळी आवळत होते.

त्याचे पाय जागच्या जागी थांबले. तेवढ्यात सारजाबाई उठून आली. याला वाटलं, आता ही गळा काढून रडेल, हात धरेल. बाई जवळ आली आणि तिनं याच्या हातातली पिशवी घेतली.

"आणले का? बरं झालं. आमच्या हितं वाण्याकडं बी मिळंनात."

हौशीरामाला काहीच उमगेना. पिशवी गेली, हात तसाच पुढं राहिला.

"लुगडं कुठाय?" सारजाबाईनं विचारलं. "सवाष्ण मेली तर माहेरचं लुगडं लागतंय. रिकामंच आलात व्हय पावणं?"

आता बोला! मेलेली सांगितली नाही, आणि लुगडं का आणलं नाही म्हणून विचारते.

झालं होतं ते असं. पाचवीच्या दिवशी भागूला ताप भरला. अंगावरनं जाणं थांबेना. सारजाबाईनं लिंबू उतरून टाकलं, अंगारा लावला. नारायणगावला दवाखाने होते, मळ्यात दोन जीपा होत्या. पोरगं झालं असतं तर त्यातली एक दाराशी लागली असती. पोरगी झाली. कशाला घाई?

हौशीराम ओझरला गेला. देवळापुढच्या दुकानातनं लुगडं घेतलं, हिरवा चुडा घेतला. परत आला तर चुडा भरायला एक बाई पुढं होईना. सगळ्या लांब उभ्या, तोंडाला पदर लावून. का, ते त्याला मग समजलं. शेवटी त्यानंच लेकीचा हात मांडीवर घेतला. कधी बांगड्या भरल्या होत्या त्यानं? थंडगार हात, बोटं आखडलेली. एक बांगडी फुटली. बाकीच्या गेल्या.

नदीकाठी अग्नी दिला, तेव्हा दिवस कलला होता. माणसं परत फिरली. हौशीरामानं मागं वळून बघितलं, तर जानकू सगळ्यांच्या मागनं चाललाय. काखेत तीच पिशवी. मूठ भरायची, वाटेवर टाकायची. मूठ भरायची, टाकायची. नदीपासनं उसाच्या कडेनं, चारीवरच्या मोरीवरनं, कांद्याच्या वाफ्याला धरून थेट घराच्या दारापर्यंत.

तुम्हाला काय माहीत असणार! बाळंतपणाचं सोयर फिटायच्या आत बाळंतीण गेली तर ती अळवंत होते म्हणतात. तान्ह्यासाठी जीव अडकलेला असतो, म्हणून रात्री घराकडं येते. तिला थोपवायचं तर मसणापासनं दारापर्यंत राळे टाकायचे. दाणान्‌दाणा वेचल्याशिवाय तिला पाऊल पुढं टाकता येत नाही. वेचता वेचता उजाडतं. तिला परत जावं लागतं. दुसऱ्या रात्री पुन्हा पहिल्यापासनं.

आणि ते राळे बापानं आणून दिले होते. लेकीच्या आवडीचे. मांडीवर घेऊन.

घरी आल्यावर सारजाबाईनं लोखंडाचा खिळा घेतला आणि पुढच्या दाराच्या उंबऱ्यात ठोकला. पार डोक्यापर्यंत. वाटेवरनं सुटली तरी उंबरा ओलांडायला नको.

पोर पुढच्या खोलीत होती. पाटीत चिंध्या घालून निजवलेली. बारकी, काळीनिळी, रडत होती.

"दूध पाजलं का?" हौशीरामानं विचारलं.

"कापसाच्या बोळ्यानं घातलंय गाईचं. वकून टाकती. रडून रडून झोपंल."

"मग माझ्याकडं द्या. धोंडाबाई बघंल. आमच्याकडं शेळी हाय व्यालेली."

"लोक काय म्हणतील पावणं? दहावा होऊ द्या, मग खुशाल न्या."

"दहाव्यापत्तुर ही ऱ्हाईल का?"

सारजाबाईनं वर आढ्याकडं बघितलं. "देवाच्या मनात असंल ते."

हौशीरामानं जानकूकडं बघितलं. जानकू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. पंचवीस वर्षांचा घोडा. आईपुढं तोंड उघडेना.

जेवणं झाली. सारजाबाईनं मधल्या दाराची कडी काढली आणि पाटीकडं बोट केलं. "हिला आत घेत न्हाई आमी. तिची आई हिच्या वासावर येणार. तुमचीच नात हाय, तुमीच राखा."

सगळी आत गेली. कडी लागली. वरनं अडसर घातल्याचाही आवाज आला. पुढच्या खोलीत एक म्हातारा, एक तान्हं आणि रॉकेलची चिमणी.

हौशीरामानं बोळा दुधात बुडवून पोरीच्या तोंडात धरला. तिनं जीभ बाहेर काढली. दूध हनुवटीवरनं खाली गेलं. पुन्हा धरला. पुन्हा तेच. रडणं चालूच. दहाच्या सुमाराला वीज गेली, उसातली मोटार बंद पडली. मग त्या रडण्याशिवाय दुसरा आवाजच उरला नाही.

मध्यरात्र होत आली आणि रडणं बारीक झालं.

मग नुसते हुंदके.

मग तेही लांब लांब...

हौशीराम पाटीजवळ बसून होता. पोर दहाव्यापर्यंत राहत नाही हे त्याला कळत होतं. दहावा कसला, उजाडेपर्यंतही राहत नव्हती. तिला दूध पाहिजे होतं, आणि ज्या एका बाईचं दूध तिला चाललं असतं ती नदीकाठी राख होऊन पडली होती. आणि समजा आली. समजा, लोक म्हणतात तशी खरंच आली. तरी ती वाटेत वाकून बसणार. राळे वेचत. आठ दिवसांची ओली बाळंतीण.

तो उठला.

जानकूनं रिकामी पिशवी अंगणात फेकली होती. चिंधी अजून बंदाला लटकत होती. हौशीरामानं ती उचलली, बॅटरी घेतली, आणि दारापासनं सुरुवात केली. गुडघ्यावर बसून. बॅटरी दातात धरलेली. मोहरीएवढा दाणा, रात्रीची वेळ, कुठं दिसतो? त्यानं तळहातानं माती ओढली. मातीसकट, काडीकचऱ्यासकट मूठ भरायची आणि पिशवीत टाकायची. वाट साफ झाली पाहिजे, बस. धान्य त्याला काय खायचं होतं?

उसात बिबट्या असायचा. कुत्री मळा सोडून गेलेली. त्याचं तिकडं ध्यानच नव्हतं.

कांद्याचे वाफे संपले. गुडघे सोलले. चारीची मोरी आली. अर्धी वाट झाली होती, आणि पिशवी निम्मी भरली होती. बॅटरी पिवळी पडत चालली. मोरीवर तो दम खायला थांबला.

तेव्हा आवाज आला.

किण्...

तो कान देऊन बसला.

काही नाही. चारीचं पाणी.

किण्... किण्...

मोरीच्या पलीकडनं. अगदी खालनं, जमिनीलगत. बाई सुपात धान्य निवडते ना, तेव्हा बांगड्या जशा हळू वाजतात, तशा.

त्यानं बॅटरी दातातनं काढली. तिकडं फिरवायची म्हणून. फिरवली नाही. विझवली.

आवाज पुढं सरकत होता. थोडं थांबायचा. मग पुन्हा सरकायचा.

वास आला. जळाल्याचा नाही. ओव्याच्या धुरीचा, शेगडीचा. बाळंतिणीच्या खोलीचा वास.

मोरीवर आता दोघं. मधे हातभर वाट. त्या हातभर वाटेवर राळे...

किण्.

थांबलं.

एवढं जवळ, की हात पुढं केला असता तर लागला असता.

घराकडनं पोरीचा एक हुंदका आला. बारका. मग पुढचा काही येईना.

हौशीराम बोलला. कसा बोलला, त्यालाच माहीत नाही.

"बाय... तू ऱ्हाऊ दे. मी येचतो."



त्यानं हात टेकला, उरलेली माती ओढली, पिशवीत टाकली. शेवटपर्यंत.

बांगड्या उठल्या. जमिनीवरनं वर गेल्या. त्याच्या खांद्याजवळनं पुढं गेल्या. थंड वारं लागावं तसं एका कानाला लागलं.

मग तो उठला आणि घराकडं चालू लागला. पुढं बांगड्या. मागं हा. बघायचं नाही, मान खाली, पायापुरतं बघायचं. कांद्याचे वाफे. अंगण. दार उघडं, आत चिमणी मिणमिणती.

उंबऱ्याशी बांगड्या थांबल्या.

हौशीराम बाजूनं अंग चोरून आत गेला. मागनं कोणी येईना. मग त्याला आठवलं. खिळा.

पिशवी त्यानं तिथंच बाहेर पायरीवर ठेवली होती. खाली बसून त्यानं खिळ्याला नखं लावली. लाकडात गेलेला खिळा नखांनी निघतो का? नखं फाटली. बाहेर नुसती शांतता. कुणीतरी उभं राहून वाट बघतंय, अशी शांतता. कार्तिकात दारात उभी होती तशी.

पाटीत पोर हलेना.

त्यानं तिला उचललं. उंबऱ्याच्या आत बसला. डोळे मिटले. आणि पोरीला धरलेले दोन्ही हात उंबऱ्याबाहेर, अंधारात धरले.

...

पहिल्यांदा काही झालं नाही.

मग हातांवरचं ओझं हलकं झालं. अगदी हलकं. पोर हातात आहे की नाही, ते कळेना. बोटं बधिर.

आणि मग...

चुक् चुक्... चुक् चुक्...

किती वेळ? ते त्यालाही माहीत नाही. डोळे उघडले नाहीत एवढं मात्र तो शपथेवर सांगतो. एकदा पायरीवर खालच्या बाजूला किण् किण् झालं, बराच वेळ झालं, बसल्या जागी काहीतरी काम करावं तसं. त्यानं कान दिला नाही. त्याचं सगळं ध्यान हातात होतं.

पहाटे चंद्राची कोर वर आली, आणि कोंबडा आरवला. हातांवर ओझं आलं. ऊबदार. त्यानं डोळे उघडले.

पोर झोपली होती. पोट टम्म. ओठाच्या कोपऱ्यात दूध.

अंगण मोकळं. पायरीवर पिशवी, तोंड बांधलेली.

हौशीरामानं पोरीला आपल्या उपरण्यात गुंडाळलं, पिशवी खांद्याला अडकवली. तोवर अडसर निघाला. सारजाबाई दारात आली. तिनं याच्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. पोर जिती आहे, हे बघून तिचं तोंड कसं झालं ते हौशीरामानं मला सांगितलं नाही. "तुला काय करायचंय," म्हणाला.

"कुठं निघालात पावणं?"

"घरी."

"तिला घिऊन?"

"हं."

सारजाबाई म्हणाली, "चहा घ्या, मग जावा."

या वेळेला तो प्याला नाही.

सार्थक, काय विचारतोस? ती पोरगी? अरे बावळटा, तुझ्याच शाळेत आहे, पाचवीला. तेजस्विनी. परवा धावण्यात तुला मागं टाकलं तीच. शेळीच्या दुधावर वाढलीय, म्हणून पळते.

पण अजून संपलं नाही.

हौशीराम भोगीच्या दिवशी दुपारी घरी पोचला. धोंडाबाईला लेकीसाठी रडायला जागा मिळेना, हातात नात दिली होती. पिशवी त्यानं खुंटीला अडकवली. "माती हाय त्यात. ओढ्याला सोडून दे," म्हणाला. आणि काठी घेऊन ओट्यावर बसला. आता येतील. सारजाबाई नाही तर जानकू येईल, चार माणसं आणील, आमची पोर चोरली म्हणून बोंब मारील. त्याला भांडायचं होतं. कार्तिकात राहिलेलं सगळं भांडण त्याला तोंडभर भांडायचं होतं. दहावा झाला. तेरावा झाला. तो रोज ओट्यावर. यष्टी आली की उभा राहायचा.

कोणी आलं नाही. भांडायलासुद्धा कोणी आलं नाही.

अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी एक पत्रिका तेवढी आली. जानकूच्या दुसऱ्या लग्नाची. अक्षतांसकट.

त्या दिवशी हौशीरामानं काठी कोपऱ्यात ठेवली. आणि धोंडाबाईला खुंटीवरची पिशवी आठवली. घरात ती नको, म्हणून तिनं खाली काढली. काढताना तिला ती जड लागली. गळ्यापर्यंत भरलेली, तिनं भरून दिली होती तेवढीच. तोंडाला तिच्याच लुगड्याची चिंधी. हौशीराम म्हणत होता, अर्ध्या वाटेचेच आणलेत, आणि निम्मी तर मातीच आहे.

ओसरीत बसून तिनं पिशवी सुपात ओतली.

राळे. नुसते राळे, पिवळेधमक. माती नाही, काडी नाही.

धोंडाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा दुसरीकडं बघत होता.

तिनं पुन्हा सुपात हात घातला. घरातनं जाताना त्यात खडे होते, तिनंच सांगितलं होतं. एक तरी खडा लागेल म्हणून ती दाणे पसरत राहिली, गोळा करत राहिली, पुन्हा पसरत राहिली. दिवस मावळेपर्यंत.

एकही खडा लागला नाही.